इथेनॉल टाकल्यावर डीपीपीसीचे लायपोसोम बिघडले, सोयाचे ढिम्म. असं का?

मृण्मयी_एमफार्म

नमस्कार. या विभागात एरवी नुसती वाचत असते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

मी पुण्यातच एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय लायपोसोम, म्हणजे फॉस्फोलिपिडच्या दुपदरी पडद्याचे पाण्यात तरंगणारे पोकळ गोळे. पुढे त्यात बुरशीवरचं एक औषध भरून त्वचेतून आत न्यायचंय. सध्या गोळे रिकामेच आहेत, तेव्हा औषधावर खापर फोडायची सोय नाही.

दोन लिपिडं घेतली. एक शुद्ध डीपीपीसी, म्हणजे डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन (महाग आहे, मॅडम स्वतः वजन करून देतात) आणि दुसरं सोयाबीनचं फॉस्फॅटिडिलकोलीन. पद्धत नेहमीचीच. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून रोटाव्हॅपवर (द्रावक उडवायचं फिरतं यंत्र) फिल्म, त्यावर बफर, डीपीपीसीसाठी वॉटर बाथ ५५ अंशांवर, मग प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गोळे बारीक करणारा) आणि प्रोबमधून झडलेलं टायटॅनियम खाली बसवायला सेंट्रिफ्यूज. डीपीपीसीचा आकार आला ६० नॅनोमीटरच्या आसपास, निळसर झाक असलेलं जवळजवळ पारदर्शक द्रावण. सोयाचा आला ९०.

गार झाल्यावर ढवळत ढवळत इथेनॉल सोडलं. डीपीपीसीत आकारमानाने २० टक्के. आधी धुरकट झालं, मग पांढरं, मग इतकं दाट की मॅग्नेटिक बार अडखळायला लागला. झीटासायझर (कणांचा आकार सांगणारं यंत्र) मायक्रोमीटरच्या पुढचे आकडे दाखवतो आणि वर सांगतो की माझ्यावर विश्वास ठेवू नका. तोच नमुना ५० अंशांच्या बाथमध्ये ठेवला तर पातळ झाला, पण पहिल्यासारखा पारदर्शक नाही, दुधाळच राहिला. आता साध्या मायक्रोस्कोपखाली गोल गोल काहीतरी दिसतंय.

सोयात ३० टक्के टाकलं तरी ढिम्म. स्वच्छच. फक्त आकार ९० वरून १९० झालाय, आणि पेपरांत तर लिहितात की इथेनॉलने आकार कमी होतो.

वर्गातला एक जण म्हणाला, "अल्कोहोलमध्ये लिपिड विरघळतं, विरघळलं असेल." विरघळलं तर दाट कसं होईल? आणि सोयाचं का नाही विरघळलं?

जाता जाता : आमच्याकडे अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल परवान्यावर येतं, कुलपात राहतं आणि वहीत मिलिलिटरचा हिशेब लागतो. त्यामुळे "अजून चारपाच बॅच करून बघ" एवढा एक सल्ला कृपया नको.

निखिल_बाणेर

रुमाल टाकून ठेवतो.

माझा अंदाज : इथेनॉल लिपिडच्या डोक्यांभोवतीचं (म्हणजे रेणूच्या पाण्याकडच्या टोकांभोवतीचं, तेलकट शेपट्या आत असतात) पाणी ओढून घेतं, मग गोळे एकमेकांना चिकटतात. साधं एकत्र गोळा होणं. सोयाच्या नमुन्यात थोडा विद्युतभार असेल म्हणून ते एकमेकांपासून लांब राहत असतील.

पाषाणचे_काका

निखिल, पाणी हटतं हे बरोबर. पण नुसतं चिकटणं असतं तर ५० अंशांवर मोठे गोल तयार झाले नसते, चिकटलेले छोटे सुटे झाले असते. मृण्मयीच्या वर्णनात तीच ओळ सगळ्यात मोलाची आहे आणि तिने ती सहज लिहून टाकलीये.

माझं नोकरीचं आयुष्य पाषाण रस्त्यावर लिपिडच्या बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवण्यात आणि काढण्यात गेलं, त्यामुळे जरा लांबण लावतो. घाई असेल त्यांनी पुढचा प्रतिसाद वाचावा.

मृण्मयी, तू अल्कोहोलवर लक्ष ठेवून बसली आहेस. आधी तापमानाकडे बघ. डीपीपीसीला १६ कार्बनच्या दोन सरळसोट संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) शेपट्या. त्या ४१ अंशांना वितळतात. त्याच्या खाली, म्हणजे तुझ्या प्रयोगशाळेतल्या २६–२७ अंशांना, पडदा जेल अवस्थेत असतो : शेपट्या ताठ, दाटीवाटीने उभ्या, आणि साधारण ३० अंशांच्या कोनात कललेल्या. कललेल्या का, तर कोलीनचं डोकं दोन शेपट्यांपेक्षा रुंद आहे. डोकी शेजारी शेजारी ठेवली की खाली फट पडते, आणि शेपट्या तिरक्या होऊन ती भरून काढतात.

आता इथेनॉल येतं. ते पडद्याच्या पोटात जात नाही. ते राहतं उंबऱ्यावर, डोकं आणि शेपटी जिथे जुळतात तिथे. हायड्रॉक्सिल पाण्याच्या बाजूला, दोन कार्बनचं शेपूट आतल्या बाजूला. त्यामुळे डोकी आणखी लांब जातात आणि खालची फट वाढते. एका मर्यादेपर्यंत शेपट्या जास्त तिरक्या होऊन वेळ मारून नेतात. त्यापुढे ते परवडत नाही. हायड्रोकार्बनला रिकामी जागा चालत नाही. मग समोरासमोरचे दोन्ही पदर एकमेकांत घुसतात, दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तशा शेपट्या अडकतात. एका डोक्याखाली दोनऐवजी चार शेपट्यांची रुंदी येते आणि पडद्याची जाडी पावपटीहून जास्त घटते.

यात एक अडचण उरते. अडकलेल्या शेपटीचं टोक आता पडद्याच्या मध्यावर नसून पलीकडच्या पाण्याला भिडतंय. तेलकट टोकाला पाणी सोसत नाही. तिथे पांघरूण घालायला इथेनॉलच उपयोगी पडतं. म्हणजे फट पाडणाराही तोच आणि झाकणाराही तोच.

डीपीपीसीत हे व्हायला साधारण १ ते १.२ मोलर इथेनॉल लागतं. आकारमानात ६–७ टक्के. तुझे २० टक्के म्हणजे जवळजवळ ३.४ मोलर, मर्यादेच्या कितीतरी पुढे. एलिझाबेथ रो यांनी १९८३ मध्ये दाखवलं की कमी इथेनॉलने डीपीपीसीचा वितळणबिंदू उतरतो आणि एका मात्रेनंतर उलट चढायला लागतो. त्या उलट्या वळणाचं कारण शेपट्यांचं अडकणं आहे, हे सायमन आणि मॅकिंटॉश यांनी १९८४ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं. तुझ्या सिनॉप्सिसमध्ये ही दोन नावं नसतील तर घाल, व्हायवाला बाहेरचे परीक्षक तिथेच बोट ठेवतील.

पण पडदा पातळ झाला म्हणून द्रावण दाट का व्हावं? इथे गोळ्याचा आकार आडवा येतो. सोनिकेट केलेला छोटा गोळा फार वाकलेला असतो. बाहेरच्या पदरात आतल्यापेक्षा कितीतरी जास्त रेणू मावतात, अगदी लहान गोळ्यात तर जवळजवळ दुप्पट. अडकायचं म्हटलं की दोन्ही बाजूंना बरोबरीने रेणू हवेत आणि पडदा सपाट हवा, कारण अडकलेला पडदा कडक असतो, वाकायला तयार नसतो. वाकलेल्या गोळ्यात हे बसत नाही. गोळा फुटतो, शेजारच्या फुटलेल्याला मिळतो आणि पसरट पत्रे तयार होतात. सगळीकडे आडवेतिडवे पत्रे पसरले तर तुझा मॅग्नेटिक बार अडखळेल नाहीतर काय करेल!

मग तू ते ५० अंशांना नेलंस. शेपट्या वितळल्या, अडकलेपण सुटलं, पत्रे लवचीक झाले. लवचीक पत्र्याच्या कडा पाण्यात उघड्या राहू शकत नाहीत, त्या वळून बंद होतात आणि मोठा पत्रा बंद झाला की मोठा गोळा होतो, पोटात भरपूर पाणी घेऊन. तुला मायक्रोस्कोपखाली दिसलं ते हेच. अमेरिकेत १९९४ मध्ये लोकांनी हीच युक्ती मुद्दाम वापरून मोठे, एकपदरी, भरपूर पोट असलेले लायपोसोम बनवल्याचं प्रसिद्ध केलंय. तुझी बॅच वाया गेलेली नाही, ओतून देऊ नकोस.

आता सोया. त्याच्या शेपट्यांत लिनोलेइक आम्लाचा भरणा. दोन दुहेरी बंध, दोन वाक. अशा शेपट्या शून्याच्या खालीच वितळलेल्या असतात, तेव्हा पुण्याच्या कुठल्याही ऋतूत तो पडदा द्रव अवस्थेतच. फट पडली तर वळवळणाऱ्या शेपट्या ती लगेच भरतात, समोरच्या पदरात घुसायची गरजच पडत नाही. इथेनॉल तिथेही उंबऱ्यावरच बसतं, पण परिणाम वेगळा : पडदा थोडा पातळ होतो, पाण्याशी असलेला ताण कमी होतो आणि वाकायला सोपा होतो. वाकायला सोपा म्हणून लहान गोळाही सुखाने राहतो. जेरुसलेमच्या एल्का टुईटू यांनी २० ते ४५ टक्के इथेनॉलचे जे एथोसोम (इथेनॉलवाले लायपोसोम) बनवले ते याच जोरावर. डीपीपीसीत ही टक्केवारी वाचून कोणी तसंच करायला गेलं की पांढरं दाट प्रकरण हाती येतं.

एक सावधगिरी. सोयाचा आकार टिकला म्हणजे आतला माल टिकला असं समजू नकोस. इथेनॉल पडदा गळका करतं. आत कार्बॉक्सिफ्लुओरेसीन हा चमकणारा रंग भरून गळती मोज, मग काय ते बोल.

गोळीवाला

काकांना साष्टांग. वाचनखूण साठवली.

मी फॉर्म्युलेशनमध्ये आहे, कंपनी सांगत नाही. सोयाच्या ९० ते १९० या आकड्याबद्दल बोलतो, कारण तो बहुधा खरा नाहीच.

झीटासायझर आकार मोजत नाही. कण किती वेगाने भिरभिरतात ते मोजतो आणि द्रावणाची स्निग्धता (वाहायला होणारा अडथळा) गृहीत धरून आकार काढतो. सॉफ्टवेअरमध्ये माध्यम म्हणून 'पाणी' ठेवलं असेल तर २५ अंशांना तो ०.८९ मिलिपास्कल-सेकंद धरतो. पण पाणी आणि इथेनॉल यांचं मिश्रण दोघांहून दाट असतं! शुद्ध इथेनॉल १.१ च्या आत, पाणी ०.८९, आणि वजनाने ४०–४५ टक्क्यांच्या मिश्रणाची स्निग्धता पाण्याच्या अडीच पटीहून जास्त. तुझ्या ३० टक्क्यांना साधारण २ धर. म्हणजे मशीन आकार सव्वादोन पट फुगवून सांगतंय. १९० ला २.२ ने भाग : ८६. तुझे गोळे ९० चे किंचित लहानच झालेत, पेपरवाले म्हणतात तसे.

नमुना परत लावायची गरज नाही. जुनी फाईल उघड, माध्यमाची स्निग्धता आणि अपवर्तनांक बदल, सॉफ्टवेअर परत गणित करून देतं. कॉमन फॅसिलिटीत ऑपरेटर सगळ्यांचे नमुने पाण्यावरच चालवतात, त्यांना सांगावं लागतं.

दुसरं, मोजायच्या आधी नमुना पातळ करतेस तो कशात? साध्या बफरमध्ये केलास तर इथेनॉलचं प्रमाण तिथेच खाली येतं आणि तू भलत्याच गोष्टीचा आकार मोजतेस. तेवढ्याच टक्क्याच्या इथेनॉल-बफरमध्येच पातळ कर.

डीपीपीसीच्या मायक्रोमीटरला मात्र हे स्पष्टीकरण पुरणार नाही. तिथे काका बरोबर आहेत.

मृण्मयी_एमफार्म

बाप रे! एका संध्याकाळी एवढं.

गोळीवाला, फाईल उघडून बघितली, माध्यम 'पाणी'च होतं. बदलल्यावर ८७ आलं. पातळ मी इथेनॉल-बफरमध्येच केलं होतं.

काका, तुमचं वाचून मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे अडकणं झालं याचा पुरावा दे." आमच्याकडे क्ष-किरणांचं काही नाही. डीएससी (तापवताना वितळणं टिपणारं यंत्र) दुसऱ्या विभागात आहे, नंबर लावावा लागतो. फ्लुओरेसन्सचं (चमक मोजायचं) मशीन आहे. आणि डीएमपीसीची (डीपीपीसीचंच आखूड शेपट्यांचं भावंड) एक छोटी बाटली पडून आहे, ती वापरू का?

मळीवाला

माझा प्रांत वेगळा, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. पण लिपिड, अल्कोहोल ऐकून राहवलं नाही.

आमच्या मळीच्या आंबवणीत वॉशमध्ये (आंबलेल्या द्रावणात) ८–१० टक्के अल्कोहोल होतं. काकांच्या हिशेबाने डीपीपीसी तर ६–७ टक्क्यांतच आडवं. मग यीस्ट त्यात जिवंत कसं राहतं? त्याचा पडदाही फॉस्फोलिपिडचाच ना?

कॅम्पातला_केकी

आणि शनिवारी रात्री कोरेगाव पार्कातून बाहेर पडणाऱ्यांच्या पडद्यांचं काय? अडकतात का बोटं? (ह. घ्या.)

पाषाणचे_काका

केकीशेठ, आधी तुमचं, कारण सोपं आहे. गाडी चालवायची कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. म्हणजे साडेसहा मिलिमोलर. डीपीपीसीला लागतं हजाराच्या वर. दीडशे पटींहून जास्त फरक. एवढं रक्तात जायच्या कितीतरी आधी माणूस संपलेला असतो. नशेचं कारण पडद्याचा ढिलेपणा, असं एकेकाळी ठामपणे मानायचे. मायर यांनी १८९९ मध्ये आणि ओव्हर्टन यांनी १९०१ मध्ये दाखवलं होतं की जो पदार्थ तेलात जास्त विरघळतो तो भूल जास्त देतो, आणि त्यावरून लोकांनी लिपिडलाच आरोपी केलं. आता बोट मुख्यतः चेतापेशींवरच्या प्रथिनांकडे जातं.

मळीवाले, तुमचा प्रश्न फार आवडला. यीस्टच्या पडद्यात तीन गोष्टी वेगळ्या. शेपट्यांत एक दुहेरी बंध असलेली आम्लं भरपूर, म्हणजे पडदा द्रव. लिपिडं नाना प्रकारची, त्यातली इथेनॉलअमाईनची लहान डोकी अडकण्याच्या विरोधात जातात. आणि एर्गोस्टेरॉल, म्हणजे यीस्टचं कोलेस्टेरॉलच म्हणा. स्टेरॉल शेपट्यांच्या मध्ये उभा राहतो, डोक्याखालची फट स्वतःच भरतो आणि ताठ ओळीही मोडतो. डीपीपीसीत कोलेस्टेरॉल २० मोल टक्क्यांच्या (रेणूंच्या संख्येने) आसपास घातलं की इथेनॉलने होणारं अडकणं बंद पडतं.

तुम्ही आंबवणीच्या सुरुवातीला टाकीत हवा सोडता ना? एर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त आम्लं बनवायला यीस्टला ऑक्सिजन लागतो. हवेशिवाय वाढवलं तर ती दोन्ही बाहेरून द्यावी लागतात, हे अँड्रेसन आणि स्टियर यांनी १९५० च्या दशकातच दाखवलंय. हवा कमी पडली की शेवटच्या टप्प्यात यीस्ट लवकर मान टाकतं, त्याचं एक कारण इथे आहे.

मृण्मयी, डीएमपीसी नको. १४ कार्बनच्या शेपट्या, वितळणबिंदू २४ अंश. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी ते जेल असेल आणि एप्रिलच्या दुपारी द्रव. तुमच्याकडे एसी चोवीस तास नसेल तर ऋतूप्रमाणे निकाल बदलतील आणि तू वेडी होशील. शिवाय शेपटी जितकी आखूड तितकं अडकायला इथेनॉल जास्त लागतं. उलट १८ कार्बनच्या डीएसपीसीला डीपीपीसीपेक्षा कमी पुरतं.

पुराव्यासाठी डीपीएच वापर. हा रंगद्रव्याचा रेणू एरवी दोन पदरांच्या मधल्या तेलकट जागेत बसतो. पदर अडकले की मधली जागाच उरत नाही, त्याला पाण्याजवळ यावं लागतं आणि चमक पडते. इथेनॉल ० पासून १२ टक्क्यांपर्यंत एकेक टक्का वाढवत चमक मोज. ६–७ च्या सुमारास घसरण दिसली पाहिजे. खर्च होईल थोडं लिपिड आणि त्याहून थोडं अल्कोहोल, तुमच्या वहीलाही झेपेल. यासाठी सोनिकेटेड नमुना घेऊ नकोस, तो पांढरा होऊन प्रकाश विखुरेल आणि चमकीचा आकडा बिघडेल. नुसते हलवून केलेले मोठे बहुपदरी गोळे पातळ करून घे, आणि डीपीएच नसलेला नमुनाही सोबत मोज.

डीएससीचा नंबर लागला तर दोनच गोष्टी बघ. ३५ अंशांजवळचं डीपीपीसीचं छोटं शिखर इथेनॉलने नाहीसं होतं का, आणि तापवतानाचं मोठं शिखर थंड करतानाच्या शिखरापासून दूर सरकतं का. अडकलेल्या अवस्थेत चढणं आणि उतरणं एकाच तापमानाला होत नाही.

निखिल_बाणेर

माझा अंदाज मागे घेत नाही, पण रुमाल उचलतो. एक शंका : मिथेनॉल, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), ब्युटेनॉल वापरलं तर हेच होईल?

पाषाणचे_काका

लहान अल्कोहोलांत होईल, मात्रा बदलेल. मिथेनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल, ब्युटेनॉल असं एकेका कार्बनने पुढे गेलं की तोच परिणाम साधारण एक तृतीयांश मात्रेत मिळतो, कारण दर कार्बनमागे रेणूला पाण्यापेक्षा पडदा जास्त आवडू लागतो. आयपीए फांदीवालं आहे, ते या रांगेत नीट बसत नाही, त्याला वेगळं मोज. फार लांब गेलात की गोष्ट फिरते. १४–१६ कार्बनचं अल्कोहोल उंबऱ्यावर बसत नाही, शेपट्यांच्या रांगेत शेपटी होऊनच उभं राहतं, फट पाडण्याऐवजी भरतं आणि डीपीपीसीचा वितळणबिंदू वर नेतं.

मृण्मयी_एमफार्म

डीपीएच उद्याच मागवते. आणि औषध भरताना डीपीपीसी सोडावं लागणार नाही ना? कोलेस्टेरॉल घालून इथेनॉल चालेल?

गोळीवाला

चालेल. १०० मिलिग्रॅम डीपीपीसीला साधारण १३ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल म्हणजे २० मोल टक्के. मी असतो तर काठावर न राहता ३० पर्यंत गेलो असतो, म्हणजे बावीस-तेवीस मिलिग्रॅम. क्लोरोफॉर्ममध्ये लिपिडसोबतच विरघळव, नंतर वरून टाकलंस तर पडद्यात जाणार नाही, स्फटिक होऊन खाली बसेल. आणि फिल्म ओली करताना बाथ ५५ च्या वरच ठेव, कोलेस्टेरॉल आहे म्हणून खाली आणू नकोस.